शर्वीबरोबर बसणारं माणूस

९ जून, सोमवार
शर्वीचं माँटेसरीत नाव घातलं. फॉर्मवर आई, वडील, एवढेच दोन रकाने. शिवलीला मॅडमनी विचारलं, "बरोबर कोण बसणार? दोन वर्षांखालच्या मुलांबरोबर घरातलं माणूस लागतं. आणि दर वेळी तेच माणूस." मी म्हटलं, मी. "आई का?" "मावशी." त्यांनी वर बघितलं आणि माझं नाव लिहून घेतलं.
नाव ताईनंच सांगून ठेवलं होतं, शर्वी दहा महिन्यांची असताना. जानेवारीत ताई तापानं गेली. चार दिवसांत. दाजी म्हणाले, "तिच्या मनात होतं, तर घालूया. मला डेअरीतनं सुट्टी न्हाय. तूच जा."

१२ जून
दीड तास शर्वी मांडीवरून उतरली नाही. माझी ओढणी मुठीत. बाकी सगळ्या आया. सगळ्यांना नियम एकच – मुलाला मदत करायची नाही, हात आपल्या मांडीवर.

१९ जून
वडगावहून आईचा फोन. "अनुजा, पाच म्हैनं झालं. तरणी पोर दाजीच्या घरात, लोकं बोलायला लागल्यात. एक तर परत ये, न्हाईतर –" पुढचं मला विचारवलं नाही.
कॉलेजचाही फोन येऊन गेला. डी.फार्मचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर सुटलंय. परत यायचं की नाही ते या महिन्यात कळवा म्हणाले.

२६ जून
शर्वीनं आज एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतलं. निम्मं सांडलं. फडकं आणून तिनंच पुसलं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

३ जुलै
ताईच्या सासूबाई आज जेवताना सगळ्यांसमोर बोलल्या. "बाहेरची आणून पोरीला सावत्रपणा कशाला? अनुजा हाय की घरातच." दाजी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.
ताईच्या लग्नात मी दहावीला होते. वरात संपल्यावर रात्री हेच दाजी मला घरी सोडायला आले होते, कारण दुसऱ्या दिवशी माझा भूमितीचा पेपर होता. त्यांना नवरा म्हणायचं? कसं म्हणायचं असतं ते?
ताई असती तर तिलाच विचारलं असतं.

७ जुलै
कॉलेजला अजून कळवलं नाही.

१० जुलै
आज शर्वी आपणहून मांडीवरून उतरली. चटईपर्यंत गेली, थांबली, मागं वळून बघितलं मी आहे का. आहे म्हटल्यावर पुढं गेली आणि बटणं लावायला शिकवणाऱ्या कापडी चौकटीपाशी बसली. एकही बटण लागलं नाही, पण रडली नाही.
त्या वेळी मागं दुसरंच कोणी बसलेलं असतं तर? दिवसभर तेच डोक्यात.
संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "दाजींना लग्नाला हो म्हणून कळव." आई रडायला लागली. "देवानं बुद्धी दिली गं तुला." मला रडू आलं नाही. कॉलेजलाही फोन करून टाकला, येत नाही म्हणून. पलीकडची बाई म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

१२ जुलै, शनिवार
सकाळी चहा घेताना दाजी म्हणाले, "तुझ्या आईचा फोन आलता. अनुजा, मला हे जमायचं न्हाय. तू मला धाकटी बहीण हायस." कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी डेअरीतली पाळी बदलून घेतलीय. मॅडमशी बोललोय. सोमवारपासनं शर्वीबरोबर मी बसतो. उद्या तुला वडगावला सोडून येतो. तुझं शिक्षण पुरं कर."
सासूबाई उठून आत गेल्या. मी बरं म्हटलं. कॉलेजचं सांगितलं नाही. शर्वीच्या धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेले. सुटले, असं वाटायला हवं होतं. बादली रिकामी झाली तरी खाली उतरवेना.