अकरा बग्ग्यांत पहिली

एल्म हॉलो, व्हरमाँट
रविवार, १४ जुलै २०१३

प्रिय अडेलताई,

तू खुशाल असशीलच. ओरेगॉनला म्हणे यंदा उन्हाळा कडक आहे, जपून राहा. इथे सगळे बरे. बाबांचा पाय थंडीत कुरकुरतो, बाकी तब्येत ठणठणीत.

आता बातमी. काल प्रदर्शनात मी पहिली आले! अकरा बग्ग्या होत्या आणि निळी फीत आपल्या ज्युनिपरच्या कपाळाशी लागली. सोळा वर्षांची घोडी, पण काय ऐटीत चालली. मला आज मुळीच नम्र व्हायचं नाही, तेव्हा ऐकून घे.

माझ्या नवऱ्याला, क्लाइडला, हे सगळं अजून कळत नाही. सकाळी विचारतो, "तीच घोडी, तीच बग्गी, त्याच फेऱ्या, आणि बक्षिसं तीन?"

"पहिल्या वर्गात साज आणि कपडे बघतात, दुसऱ्यात घोडीची चाल, तिसऱ्यात हाकणाऱ्याचे हात."

"आणि माझं काय बघतात?"

"तू शेजारी बसायचं. लगामाला बोट लावलंस तर मी बाद."

"म्हणजे घरी बसतो तसंच."

पहिल्या वर्गात आम्ही पाचवे, कारण क्लाइडच्या बुटाला शेण. दुसऱ्यात तिसरे. तिसरा वर्ग मला हवा होता, निळी फीत त्यातलीच. परीक्षक मिसेस विनगेट, तुला आठवतील, काठी टेकत फिरणाऱ्या. त्यांनी एकेकाला पुढे बोलावून एका हातात लगाम धरून दोन वर्तुळं काढायला लावली, मग थांबा, मग चार पावलं मागे. ज्युनिपर चारच पावलं मागे आली, पाचवं नाही. बाई जवळ येऊन म्हणाल्या, "हात शांत आहेत तुझे. आता श्वास घेतलास तरी चालेल."

फाटकाशी बाबा येईल त्याला सांगत होते, "माझ्या पोरीचे हात बघा." आणि वर म्हणाले, "थोरलीला एवढी अक्कल असती, तर माझा पाय शाबूत असता."

ताई, तिथे मला राहवेना. सात वर्षं गिळलेलं सगळं बाबांजवळ बोलून गेले. अपघाताच्या दिवशी ज्युनिपर माझ्या खांद्यावर डोकं घासत होती. बिचारीला खाज सुटली असेल म्हणून, बग्गी जुंपलेली असतानाच, मी तिच्या तोंडावरचा साज झापडांसकट उतरवला. जुंपलेल्या घोड्याचा तो कधी काढायचा नसतो, हे आपल्याकडे चालायला लागल्यापासून शिकवतात. तिला मागे बग्गी दिसली, ती उधळली आणि बाबा चाकाखाली आले. दुसऱ्या दिवशी माझा मोठ्यांमधला पहिलाच वर्ग होता, तो बुडू नये म्हणून तू पटकन म्हणालीस, "मी काढला." तुला वाटलं, बाबा संध्याकाळपर्यंत निवळतील. ते निवळले नाहीत. तू घर सोडलंस, आणि मी गप्प राहिले.

बाबा पालथ्या बादलीवर बसले. म्हणाले, "सात वर्षं मी त्या पोरीशी बोललो नाही. आणि तू माझ्याच टेबलावर रोज जेवत होतीस."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग ते उठले आणि लंगडत थेट घोषणा करणाऱ्याच्या खोलीत शिरले. शेवटच्या फेरीआधी भोंग्यातून बाबांचाच आवाज आला, "मी गॅस्टन थिबो. सात वर्षांपूर्वी इथे घोडी उधळली, तेव्हा साज अडेलने काढला नव्हता. मी तिला दोष दिला. सगळ्यांसमोर दिला होता, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो." जुनी माणसं उभी राहिली, ताई. मिसेस विनगेटनी टाळी वाजवली आणि मग सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. तुझ्यासाठी. माझ्या फितीला एवढ्या पडल्या नव्हत्या, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी क्लाइडच्या कोटात तोंड खुपसून रडले.

बाबांनी बजावलं होतं, पत्राच्या पहिल्याच ओळीत माफी लिही, बढाई नंतर. मला धीर झाला नाही. आता लिहिते. बाबांचं चुकलं. त्याच्या आधी माझं चुकलं. ऑगस्टच्या प्रदर्शनाच्या अर्जात, हाकणाऱ्याच्या रकान्यात, त्यांनी स्वतःच्या हाताने तुझं नाव घातलंय. घरी ये.

तुझी गुन्हेगार धाकटी,
लोर्ना