मुडदुशीचा तुकडा

आये, तू मेलीस ती मेलीस, पण माझ्या पानावरून अजून उठत नाहीस. आता मला तुझाच रोग झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी आतड्यातली गाठ कापून काढली, विजेचे शेक दिले आणि घरी धाडताना सांगितलं, मऊ भात खा, पेज गाळून पी, तिखट-तळलेलं नको, फणस तर नकोच; थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मी मान डोलावत होते. मग म्हणाले, "काटे काढून उकडलेली मऊ मासळी घ्या. अंगात ताकद यायला हवी." मी त्यांचं टेबल उलथायला उठले. सुनेने दंड धरला. उलथायची ताकद होती कुठे म्हणा.

तुला वैद्याने पेजेशिवाय काही देऊ नको म्हटलं होतं. अकरा वर्षं झाली. तू खुरडत चुलीपाशी आलीस आणि मुडदुशीच्या सारात हात घातलास. बाळंतिणीला देतात ती मासळी, तिचा एवढासा तुकडा. मी पितळी डाव तुझ्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. तू रडली नाहीस. तोच हात पुढे करून म्हणतेस, "आणखी एक मार गो, पण तुकडो दी." मी पातेलं उचलून तुझ्या डोळ्यांदेखत परसात कुत्र्याला ओतलं. चौथ्या दिवशी तू गेलीस. उपाशी.

वैशाखात सुनेने मुडदुशी उकडून वाटीत आणली. "डॉक्टरांनी सांगलेला आसा, खावा जरा." मी वाटी तिच्या तोंडावर फेकली. भुवई फुटली तिची. रक्त पुसत म्हणते कशी, "व्हया तितक्या मारा, पण खावा. पावसात मेलात तर सुकी लाकडा खय गावतली?" मला हसू आलं आणि पाठोपाठ ओकारी.

तेव्हापासून नुसत्या पेजेवर आहे. हाडं वर आली. अशीच राहिले तर दिवाळी बघणार नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण मासळीचा वास आला की तुझं सुजलेलं मनगट दिसतं.

हा कागद कुठल्या पेटीत टाकू? उशीखालीच राहील. लोकांना मी सांगितलं होतं, आये विहिरीवर पडली म्हणून हात सुजला. ते खोटं होतं हे अजून कुणापाशी कबूल केलेलं नाही. नारळीपुनव झाली की होड्या समुद्रात सुटतील, ताजी मासळी येईल आणि सून पुन्हा वाटी घेऊन पुढ्यात बसेल. खाऊ, की तुझ्यामागे येऊ? पुनवेच्या आत सांग.