‘हँडब्रेक’ आणि ताईचे डोळे

ती. ताईच्या चरणी,

धाकट्या भावाचा, एका हाताने नाकावरचा चष्मा सावरून घातलेला, साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे इथे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. नाही आहोत. पण आधी तुझे डोळे कसे आहेत ते सांग. रविवारी तुझा मेसेज आला, ‘संध्याकाळपासून डोळ्यांना धार लागलीय, थांबतच नाही. पोरीला सांग.’ वाचल्याबरोबर मी दुकानातल्या पोरीला सांगितलं (तिची स्वतःची पोरगी शाळेत जाते, पण आमच्याकडे काउंटरवर बसेल ती पोरगीच) आणि तिने लगोलग थेंबांची बाटली तुला कुरिअर केली. दिवसातून तीनदा, मान मागे टाकून, खालची पापणी जरा ओढून घालायचे, असं चिठ्ठीवर मी स्वतः लिहिलं होतं. बाटली पोचली असं कुरिअरवाला म्हणतो, पण तुझं अक्षर नाही. फोन करावा तर उचलत नाहीस. डोळ्यांतून पाणी येतंय म्हणून तोंडाला कुलूप लावायचं कारण मला कळेना. शेवटी हे पत्र तुमच्या बाजूला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. (त्याला लांबचं नीट दिसतं. मीच तपासलंय. काळजी नसावी.)

आता इकडची रडकथा. आपल्या भिंगरीचा पहिला अल्बम निघाला हे तुला ठाऊक आहेच, कारण तिने तो जगाच्या आधी तुला पाठवला. नाव ‘हँडब्रेक’. ती जे गाते त्याला कंट्री रॉक म्हणतात. चष्मेवाल्याच्या पोटी हे कुठून आलं ते विचारू नकोस, मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. एक गिटार लागते, बडवायला एक ड्रम लागतो, एक मोडलेलं मन आणि न संपणारा रस्ता लागतो, आणि कुठल्या ना कुठल्या गाण्यात एक ट्रक यावाच लागतो. (आला आहे. चौथ्या गाण्यात. पंक्चर.) येत्या शनिवारी तिचा पहिला जाहीर कार्यक्रम आहे. म्हणजे होता. म्हणजे काय ते मलाच कळत नाहीये, कारण बाईसाहेबांनी गिटारच्या तारा सैल करून ती पेटीत घातली, पेटी कपाटावर चढवली, आणि टायरच्या कंपनीतल्या जुन्या साहेबांना कळवून टाकलं की सोमवारपासून बिलिंगला पुन्हा रुजू होते. म्हणते, ‘आत्याला आवडलं नाही. आवडलं असतं तर ती बोलली असती. मी गाणार नाही.’ सभागृहाच्या मॅनेजरला उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ती जेवायला बसते, ताटाशेजारी फोन पालथा ठेवते, दोन घास झाले की उलटून बघते. दाराची बेल वाजली तरी आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

आता बाप झालो म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? मी म्हटलं, एक मत येत नाही ना, मग शंभर गोळा करू. तपासणीच्या खोलीत मी ‘हँडब्रेक’ लावून ठेवायला लागलो. तिथे गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम असते, त्यामुळे त्याला उठून पळता येत नाही. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी भिंग बदलून प्रत्येकाला विचारतो, ‘पहिलं बरं की दुसरं?’ आणि तेवढ्यात गाणंही बदललेलं असतं. आमच्या गल्लीतले ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणाले, ‘पहिलं बरं. दुसऱ्यात फार आरडाओरडा आहे.’ मी पहिल्या भिंगाचा चष्मा करून दिला. काल त्यांनी शिकायला आलेल्या बाईंना ‘आता उजवीकडे घ्या’ म्हणून सांगितलं, तेव्हा उजवीकडे भिंत होती. (बाई बऱ्या आहेत. गाडीचा डावा दिवा शाबूत आहे.) तेव्हापासून मास्तर दुकानावरून जाताना मुद्दाम पलीकडच्या फुटपाथने जातात, आणि त्यांना तो अजून नीट दिसत नाही हे मला इथून दिसतं.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना अल्बम नेऊन दिला. ते भलतेच खूश झाले. म्हणाले, ‘फार उपयोगी आहे हो! आत पेशंट ओरडला तरी बाहेर बसलेल्यांना वाटतं गाण्यातलंच आहे.’ मला ही दाद वाटली. मी ती जेवताना मोठ्या कौतुकाने भिंगरीला सांगितली, तर तिने चमचा खाली ठेवला आणि उठून गेली. आमच्या हिच्या भावाची, म्हणजे मेहुण्याची, तऱ्हा आणखी निराळी. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ‘इंग्रजीत गायली असती तर कुठल्या कुठे गेली असती’ असं मत मात्र देऊन गेला. मी म्हटलं, तू इंग्रजीतच बोलत असतोस, तू कुठे गेलास? आता तोही आमच्याकडे येत नाही. तेवढा एक फायदा झाला म्हणायचा.

पण घाव बसला तो वेगळाच. इंटरनेटवर ‘उपाशी गिधाड’ असं नाव घेतलेल्या कुणी एकाने अल्बमखाली लिहिलं, ‘मॅडमनी हँडब्रेक ओढून ठेवूनच गायलंय.’ बाकी चार लोकांनी बरं लिहिलं होतं, ते तिला दिसेना. हे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा वाचत बसली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसलो आणि गिधाडाला उत्तर दिलं, ‘आपल्या कानांचा नंबर वाढलेला दिसतो. एकदा येऊन तपासून घ्या. सोमवारी बंद.’ लिहून झाल्यावर जरा गार वाटलं. पण त्या कॉम्प्युटरवर भिंगरीचं खातं उघडं राहिलं होतं, त्यामुळे हे उत्तर तिच्या फोटोसकट, तिच्या नावावर छापून आलं. गायिका श्रोत्यांना बहिरं म्हणते असा बोभाटा झाला. त्यात भर म्हणजे एक आजोबा खरोखरच कान तपासायला दुकानात येऊन बसले. भिंगरी आली, दारात उभी राहिली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आता काही करू नका ना.’ ताई, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

म्हणून आता लहान तोंडी मोठा घास घेतो. या सगळ्याला तू जबाबदार आहेस. तुझ्या त्या स्कूटरचा सायलेन्सर फुटलेला, आणि ही कार्टी मागच्या सीटवर तुझ्या पाठीला पाठ लावून उलटी बसायची. इंजिनाच्या वर आवाज गेला पाहिजे असं सांगून तू तिला भर रस्त्यात गायला लावायचीस. तो आवाज तूच लावलास. अल्बमचं शेवटचं गाणं ‘मागची सीट’ तुझ्यावरच आहे, हे न कळायला तू काही दुधखुळी नाहीस. नसेल आवडलं तर नाही म्हण. वाईट असेल तर वाईट म्हण, तिला तुझी बोलणी खायची सवय आहे. पण पोर वाट बघून अर्धी झाली, आणि तू एक शब्द टाकायला तयार नाहीस? इतकी कधी दगड झालीस?

कळावे. लोभ आहेच, राग हे पत्र पोचेपर्यंतच आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र ऱ्हस्वदीर्घ बघायला हिच्याकडे दिलं होतं. ही पहिल्याच परिच्छेदात अडकली. म्हणाली, ‘भिंगरीने वन्संना अल्बम कधी पाठवला?’ मी म्हटलं, रविवारी दुपारी. ‘आणि वन्संच्या डोळ्यांना धार कधी लागली?’ मी म्हटलं, रविवारी संध्याका... मग तिने विचारलं, ‘आणि पोरीला सांग म्हणजे कुठल्या पोरीला?’ ताई, आयुष्य या धंद्यात गेलं. माझ्यासमोर कोणी हमसून रडलं तरी मी आधी विचारतो, धूळ गेली होती का. तू गाणं ऐकून रडलीस, आणि मी तुला थेंब पाठवले, वर पापणी कशी ओढायची ते लिहून! तू फोन का उचलत नाहीस ते आता कळलं. वरचा दगडाचा शब्द खोडला असता, पण शाईच्या पेनने लिहिलाय. थेंब घालू नकोस.

ता. क. २. फोन भिंगरीच्या हातात दिला. तिने मेसेज वाचला, परत वाचला, आणि तशीच खुर्चीवर चढून कपाटावरची पेटी खाली काढली. मॅनेजरला होकार गेला. टायरवाल्यांना नकार गेला. तर मुख्य विनंती अशी की शनिवारी ये, आणि तिला थेंबांचं काही बोलू नकोस. मेसेज नेटवर्कमुळे आजच पोचला असं मी सांगितलंय. मेसेजवर वार छापलेला असतो, पण तिला तो दिसला नाही, तिच्याही डोळ्यांना धार लागली होती.

ता. क. ३. ती आत ‘मागची सीट’ वाजवतेय. गिऱ्हाइकांची तोंडं बघण्याच्या नादात हे गाणं मी शेवटपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. चष्मा दोनदा पुसला तरी समोरची पाटी धूसर दिसतेय. नंबर तपासला, बदललेला नाही. ही दारातून बघत होती, तिला अ‍ॅलर्जी म्हणून सांगितलंय. तेव्हा येताना ती बाटली तेवढी घेऊन ये.