कॅबिनेटचं बटण

बाबा, आज तुमच्यावर इतकी चिडले आहे की समोर असतात तर भांडले असते. नाही आहात, म्हणून लिहिते.

माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं तरी तो चालू होईना. धाकटा दारव्ह्याहून एका लग्नासाठी यवतमाळला आला होता, त्याला म्हटलं, बघ जरा. तुमचं दुरुस्तीचं दुकान तोच तर चालवतो, रेडिओ जाऊन आता तिथे मोबाइल आले असले तरी. त्याने बटण एकदोनदा दाबलं आणि निकाल दिला, "मदरबोर्ड गेला ताई. नवीनच घेऊन टाक." न उघडता केलेलं निदान मला चालत नाही, ते तुम्हीच शिकवलंत. मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला. बटणाच्या वायरी बोर्डावरच्या दोन पिनांवरून उपसल्या आणि त्या पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला. बोर्ड ठणठणीत होता, बटणच मेलं होतं. बाजारातून नवं आणलं, तर त्याची वायर आखूड. मग जुन्या बटणाच्या वायरी कापून नव्याला डाग देऊन जोडल्या. सोल्डरिंग आयर्न माझंच आहे, पहिल्या पगारातलं.

डाग देताना दुकान आठवणारच. मी कॉलेजात होते आणि तुमच्या हाताला कंप सुटला होता. पुढे टेबलाशी तुम्ही बसता, मागे पडद्याआड मी. गिऱ्हाइकाचा ट्रान्झिस्टर तुम्ही उघडून मागे सरकवता. कोणी पायरी चढलं की तुम्ही खाकरता, मी आयर्न स्टँडवर ठेवते आणि पुस्तक उघडते. डाग गार होण्याआधी वायर हलली तर ओरडा ठरलेला. रेडिओ बोलू लागला की मी पडद्याच्या फटीतून पाहते. तुम्ही मागे न वळता नुसती मान हलवता. तेवढं मला पुरत असे. गिऱ्हाईक म्हणे, "मिस्त्रीचा हात मोठा साफ आहे बॉ!" तुम्ही हसून घेत असा. पोरीने दुरुस्त केला म्हटलं तर तोच रेडिओ लोकांना खरखरता ऐकू आला असता, हे मला कळत होतं. दुकान धाकट्याला दिलंत, तेही मी गिळलं. पण घरात तरी सगळ्यांना ठाऊक आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले.

आज बटण दाबलं, कॅबिनेटचा दिवा लागला आणि जुन्या सवयीने मी मागे वळून पाहिलं. दारात धाकटा चहाचा कप घेऊन उभा.

"हे तू कुठं शिकली?"

"दुकानात. आणखी कुठे?"

"दुकानात? बाबा तं म्हणे, ताई मागं अभ्यास करून राह्यली, तिले त्रास देऊ नको."

मी सगळं सांगितलं, तुमच्या खाकरण्यासकट. त्याने कप खाली ठेवला. "मायं काम परत आलं की लोक आजही म्हणतात, बापाचा हात नाही आला याले. बाबाही मरेपर्यंत तेच म्हणत गेले. म्हणजे तो हात तुझा होता?"

"हो."

"मंग मले कायले बोलत होते?"

लोकांपासून लपवलंत, ते समजू शकते. पोटच्या पोरापासून लपवलंत, आणि वर माझ्याच हाताने त्याला आयुष्यभर मारलंत. आम्हा दोघांनाही फसवलंत, बाबा. हे मी माफ करणार नाही.

निघताना चपला घालत तो म्हणाला, "दिवा लागला तवा कशी पाहत होती तू मायाकडं! शाबासकी पाह्यजे होती काय?" मी हो म्हटलं. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.