शेणाच्या बुटांचा न्याय

मंगळवार, १८ ऑक्टोबर २००५

लिही गं मुक्ता. तुझ्या बाबाचं गाडी चालवायचं लायसन्स आज कोर्टात गेलं. आता हॉस्पिटलात कामाला जाईल कसा? न्यायाधीश कोण, तर या अमेरिकेतल्या खेड्यातला गवळी! कायदा शिकलेला नाही, नुसता गावाच्या मतांवर निवडून आलेला. काळ्या झग्याखाली शेणाने माखलेले बूट.

पोलीस म्हणाला, स्टॉपच्या पाटीला गाडी थांबलीच नाही. मी मागेच बसले होते. थांबली म्हणून सांगितलं. तर हा न्यायाधीश विचारतो, "आजींना पाटी वाचता येते?" नाही म्हटलं. झालं, साक्ष बाद! खोटंच "येते" म्हणायला हवं होतं का?

मला पाटी वाचता येत नाही, त्याला कायदा. पण झगा त्याला. बूट तरी पुसायचे मेल्याने!

"कूल डाउन, आजी" काय? लिही. गाडी थांबली हे कळायला अक्षरं लागत नाहीत, दुखरी कंबर लागते.