तिसऱ्या बाकावरचा सुतार

९ फेब्रुवारी

ती. ताईस सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईच्या गुडघ्यांचं वाचून जीव खालीवर झाला. मी इथे बरा आहे. पाळक म्हणून चर्चने मला दिलेल्या घरात दोनच खोल्या, त्यातल्या एकीचं छप्पर गळतं. तिथे मी पुस्तकं ठेवायची मोठी चूक केली.

मंडळी हळूहळू मला आपलं म्हणू लागली आहे. मागच्या आठवड्यातल्या रविवारी मात्र एक प्रकार झाला. प्रभुभोजनाचा प्याला फिरवायला मदत करणारा एक सुतार आहे. चर्चचे सगळे बाक त्यानेच केलेत. त्याचे हात इतके थरथरत होते, की द्राक्षरस पांढऱ्या कापडावर सांडला. तो पितो, अशी कुजबुज चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांमध्ये आधीपासून होतीच. काल रविवारच्या उपदेशात मी आत्मसंयमावर बोललो आणि म्हणालो, की ज्याला स्वतःचे हात ताब्यात ठेवता येत नाहीत, त्याने पवित्र वस्तूंना हात लावू नये. बोलताना नजर तिसऱ्या बाकावर गेली; ती मी मुद्दामच नेली. सुतार उठला, बायकोला हात दिला आणि दोघं निघून गेले. नंतर पंच म्हणाले, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ताई. असा उपदेश मला याआधी कधी साधला नव्हता.

आईला माझा सलाम सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
पोपट

१७ फेब्रुवारी

चि. पोपटरावांस अनेक आशीर्वाद,

पत्र वाचलं आणि दिवसभर वॉर्डात माझं लक्ष लागेना. एकच विचारते. त्या माणसाच्या तोंडाला वास येत होता का? तू तेवढा जवळ गेला होतास का? मी इतकी वर्षं आजाऱ्यांची उस्तवार करते आहे. असे थरथरणारे हात घेऊन माणसं आमच्याकडे येतात, आणि आजाराचं नाव कळेपर्यंत शेजारीपाजारी त्यांना दारुडं ठरवून मोकळे झालेले असतात. तुझा सुतार पितही असेल. पण तू विचारलं नाहीस, हे तुझ्या पत्रावरूनच कळतं. लोकांच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं बरं दिसलं तुला!

तुझी जीभ लहानपणापासून तिखट. आम्ही हसायचो आणि तू आणखी चेकाळायचास. त्यात आमचाही दोष आहे. आईला पत्र वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, की त्या माणसाच्या घरी त्याचं करणारं कुणी आहे का.

आधी त्याच्याकडे जा. मग पत्र लिही.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस सप्रेम सलाम,

गेलो होतो. दार त्याच्या बायकोने उघडलं, तेही अर्धवट. त्याने आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. मेंदूत गाठ आहे, ती काढता येण्यासारखी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. लोकांना कळलं तर कामं यायची बंद होतील, म्हणून दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त मला सांगायचं ठरवलं होतं. मी तो उपदेश केला त्याच रविवारी, उपासना संपल्यावर.

मी आत येऊ का विचारलं. तो झोपलाय, असं ती म्हणाली. दाराच्या फटीतून मला खाटेवरचे त्याचे पाय दिसत होते. तो जागा होता.

काय करू ते सांग. मला प्रार्थनाही सुचत नाही.

पोपट

५ मार्च

चि. पोपट,

तुला मी ओळखते. क्षमेचं एक सुंदर भाषण तू मनात घोळवत असशील, त्यात दोन वचनंही असतील. ते नको. मरणाच्या दारातल्या माणसावर तुझी समजूत काढायचं काम टाकू नकोस. जितक्या मोठ्या आवाजात बोललास, तितक्याच मोठ्या आवाजात, त्याच जागेवरून ते परत घे. मग त्यांच्या घरी जे काम पडेल ते कर. दाराबाहेरचं असलं तर बाहेरचं. आणि गप्प राहा. गप्प राहणं तुला जड जाईल, ठाऊक आहे मला.

मागच्या पत्रात रागाच्या भरात लिहिलं. राग गेलेला नाही, पण काळजी त्याहून जास्त आहे. जेवत जा रे.

आईचे आशीर्वाद.

तुझी,
ताई

११ मे

ती. ताईस सप्रेम सलाम, वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो, की स्वतःचीच कीव करू लागायचो आणि कागद फाडायचो.

तू म्हणालीस तसं मंडळीपुढे सगळं कबूल केलं. पाळकाने स्वतःची अशी शोभा करून घेऊ नये, असं पंचांचं मत पडलं. त्यातले दोघं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. सुताराच्या बायकोने मला घरात कधीच घेतलं नाही, पण घराला लागून असलेल्या त्याच्या कारखान्यापर्यंत येऊ दिलं. मी भुसा झाडायचो आणि तयार खुर्च्या हातगाडीवर बांधून गिऱ्हाइकांकडे पोचवायचो. एकदा त्याने खिडकीतून पाहिलं आणि बायकोकरवी निरोप धाडला, की दोरी अशी बांधलीस तर खुर्च्या रस्त्यात लोळतील. त्याचे माझ्यापर्यंत पोचलेले शब्द एवढेच. मी दोरी सोडून पुन्हा बांधली.

गेल्या गुरुवारी तो गेला. बायकोने शेजारच्या गावच्या पाळकांना बोलावणं पाठवलं. मी प्रार्थना करू नये, असं तिने त्यांच्याजवळ स्पष्टच सांगितलं होतं. त्यांनी मला ते फार संकोचून सांगितलं. मी फावडं घेतलं आणि खड्डा भरणाऱ्या माणसांत जाऊन उभा राहिलो. माती ओली होती, फावड्याला चिकटत होती. त्याची बायको माझ्यासमोर होती, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं, निदान शेवटी तरी पाहील. ताई, क्षमा मिळणारच असं मी किती जणांना सांगत आलो!

काल ती उपासनेला आली. शेवटच्या बाकावर बसली, मान खाली घालून सगळी गीतं म्हणाली आणि आशीर्वाद होताच मागच्या दाराने निघून गेली. मी उपदेश छोटाच केला. ती देवाकडे येते, माझ्याकडे नाही. तिच्या वाटेत मी येऊ नये, एवढंच सध्या शिकतो आहे. जमत नाही, पण शिकतो आहे.

आईला जप. माझ्यावर रागव, पण लिहीत राहा.

तुझा,
पोपट