दोन्हीकडून डिलीट

अण्णा, तुम्ही होतात तेव्हा आपल्याकडे कॅमेरा नव्हता. लागला तर शेजारून मागून आणायचा, आणि रोल संपेपर्यंत फोटो कसे आलेत ते कळायचं नाही. आता फोनमध्येच कॅमेरा असतो. काढलेला फोटो आपोआप कुठल्याशा लांबच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतो, तो पाठवावाही लागत नाही. घरचं वायफाय लागलं की निमूट निघून जातो. त्या लांबच्या जागेला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. तुम्ही यावर दोन दिवस चेष्टा केली असती. मला आता तेवढा उत्साह नाही, पण जे घडलंय ते यावरूनच घडलंय, म्हणून सांगावं लागतंय.

धाकटा दिवाळीला बेंगळुरूहून आला होता तेव्हा त्याने माझ्या फोनवर हे चालू करून दिलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगावरच होती. तिच्या पायाशी बसून तो मला दाखवत होता, "ताई, आता टेन्शन नाही. फोन हरवला, पाण्यात पडला, काहीही होवो. हे बघ, आईचे सगळे फोटो वर गेले." आईने शेवटचे दोनच शब्द ऐकले. "कोण गेलं गं वर?" आम्ही दोघं हसत सुटलो. मग त्याने तिला समजावलं, की फोनमध्ये जागा उरत नाही, म्हणून फोटो वर ठेवायचे. ती म्हणाली, "मंग मला बी ठिवा की तिथं. हितं लय जागा अडवलीय म्या." तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी तिची चादर बदलायला घेतली.

मला मात्र त्या दिवशी तुमची स्थळप्रत आठवली. चौथीच्या सुट्टीत तुम्ही मला सिन्नरला तुमच्या कचेरीत नेलं होतं. आवक-जावकचं टेबल, लाल एसटीतून उतरताना माझा हात घट्ट धरलेला तुमचा हात, आणि टेबलावर पोचल्यावर एकदम वेगळेच झालेले तुम्ही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत कचेरीत ठेवायची, तिला स्थळप्रत म्हणतात, हे तुम्ही मला अगदी गंभीरपणे सांगता. "पत्र टपालात गहाळ झालं तरी चालेल, स्थळप्रत जाता कामा नये." मग दोन कागदांमध्ये कार्बन घालायचं काम मला देता. मी तो उलटा घालते. तुम्ही पानभर लिहिता, कागद उचलता, तर खालचा कोरा करकरीत, आणि साहेबांकडे जायच्या पत्राच्या पाठीवर सगळी अक्षरं उलटी उमटलेली. शेजारचे कारकून हसतात. तुम्ही हसत नाही. "काळी बाजू कुठं बघतेय ते आधी बघावं," एवढंच म्हणता आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेता. त्या एका वाक्याने मी दिवसभर कानकोंडी झाले होते. परतताना स्टँडवर तुम्ही उसाचा रस पाजलात, तरी माझा चेहरा उतरलेलाच होता.

तर मी समजले, की वर जाते ती फोटोची स्थळप्रत. फोनमधला गेला तरी वरचा राहणार.

आईच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, रोज घरी येणं जमणार नाही, ड्रेसिंगच्या आधी फोटो काढून पाठवत जा. मी रोज काढले. सकाळी सातला, पिंपळगावला कामावर निघायच्या आधी. जखम मोठी झालेली, जखम लहान झालेली, पुन्हा मोठी झालेली. तिचं उघडं अंग, एका कुशीवर केलेलं, तोंड भिंतीकडे. ती म्हणायची, "काय काढती गं रोज? तोंड तं येत नाय त्यात." वैशाखात ती गेली. पण फोनला ते कोण सांगणार? यंदाच्या मार्चमध्ये, द्राक्षाचा हंगाम भरात असताना, पॅकहाऊसच्या ऑफिसात आम्ही डबे उघडले होते. टेबलावरचा फोन उजळला आणि त्याने आपणहून, कुणी न मागता, 'मागच्या वर्षी याच दिवशी' म्हणून तिच्या पाठीचे सहा फोटो मंजुळ गाण्यावर एकामागोमाग दाखवले. समोरची बाई वाकून म्हणाली, "बघू बघू, कुठं गेला होतात फिरायला?" मी फोन पालथा केला. भाजी तशीच झाकली. बाहेर जाऊन, रिकाम्या क्रेटवर बसून, त्या नऊ महिन्यांचे सगळे फोटो निवडले आणि पुसून टाकले. मनात हेच, की वर आहेतच. माझ्या डोळ्यांसमोर नकोत, एवढंच हवं होतं.

मे महिन्यात धाकट्याचा फोन आला. विहारात आईच्या वर्षाचा कार्यक्रम होता, त्यासाठी त्याला मोठी फ्रेम करायची होती. "आणि ताई, मला सगळेच फोटो हवेत. कसलेही असू देत. मी नव्हतो गं तेव्हा." मी वर शोधलं. तिथेही काही नव्हतं. तो कपाळाला हात लावून बसला असावा. "अगं ताई, ते एकच असतं! इथून पुसलं की तिथूनही जातं. दोन्हीकडून डिलीट!" उलट्या कार्बनची मी, पन्नाशीतही तिथेच. मग तोच घाईने म्हणाला, "थांब, बिन उघड. कचऱ्याचा डबा. त्यात दोन महिने राहतात. बघ लवकर."

मी उघडला. सगळे होते, अण्णा. खाली लिहिलेलं, चार दिवस बाकी. त्यांच्यामध्ये एक फोटो चेहऱ्याचाही होता. मी तिच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या आणि ती शाळकरी पोरीसारखी लाजली होती. तो नुसता दाबला असता तर परत आला असता. मी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "नाहीत रे. गेले." तो म्हणाला, "जाऊ दे ताई. तू केलंस तेवढं कोण करतं? तुझी काय चूक." चार दिवस मी पॅकहाऊसला गेले, आले, भांडी घासली. पाचव्या दिवशी डबा आपोआप रिकामा झाला होता. फ्रेमसाठी त्याच्या लग्नातला फोटो वापरला. सगळे म्हणाले, बाई किती छान दिसतात.

मी स्वतःला सांगत आले, की आईची अब्रू राखली. उघड्या पाठीचे फोटो मुलाने कशाला बघायचे? हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ते नऊ महिने मी एकटीने बघितले, अण्णा. तिचा वास, तिचं कण्हणं, सकाळचे सात. त्याने दिवाळीला चार दिवस बघितलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. आता वर्षाने त्याला ते बेंगळुरूत बसून, एकामागोमाग, बोटाने सरकवत बघायला मिळणार होतं, आणि मग रडून मोकळं व्हायला. मला ते द्यायचं नव्हतं. वेण्यांचा फोटोसुद्धा नाही.

तो अजून दर रविवारी फोन करतो आणि पहिलं विचारतो, "ताई, जेवलीस का?" हे सगळं त्याला सांगायला हवं, हे मला कळतं. त्याचा पत्ता मला तोंडपाठ आहे. तरी या पत्रावर नाव तुमचं लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.